सासऱ्यांच्या गाडीचा मागचा ब्रेक

मी इंदूरबाहेर राऊजवळच्या एका कॉलेजात मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकवते. अभ्यासक्रमात 'ब्रेक' हे एक अख्खं प्रकरण आहे. फळ्यावर बाण काढत, बलांची समीकरणं मांडत ते मी इतकी वर्षं अशा काही झोकात शिकवत आले आहे की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा क्षणभर मोबाइल खाली ठेवतात. खरा ब्रेक मी स्वतःच्या हाताने कधी उघडला नव्हता, ही गोष्ट मला कधी खटकली नाही. खटकण्यासाठी कुणीतरी तसं विचारायला हवं, आणि आमच्या विभागात असले प्रश्न एकमेकांना न विचारण्याची चांगली प्रथा आहे.

घरात मात्र एक माणूस असा होता ज्याने आयुष्यभर असल्याच वस्तू उघडल्या आणि बंद केल्या. बाबा, म्हणजे माझे सासरे, इंदूरच्या एका कापड गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडली, त्यांचे माग भंगारात गेले, आणि त्यांच्या हाताला शिल्लक राहिली ती त्यांची मोटारसायकल. काळी, साडेतीनशे सीसीची, स्वतःच्या लग्नाच्याही आधी घेतलेली. सुदामा नगरातल्या आमच्या घराच्या पोर्चमध्ये ती मधोमध उभी असे आणि आमची कार बाहेर गल्लीत, उन्हात. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी यावर बोलून पाहिलं होतं. "कार नवी आहे बेटा, तिला ऊन सोसतं," बाबा म्हणाले आणि विषय संपला.

मी मूळची सांगलीची. नोकरीसाठी इंदूरला आले आणि इथल्याच एका मराठी घरात सून झाले. इथली मराठी ऐकून मला सुरुवातीला हसू यायचं. आमच्या घरात "जल्दी कर, चाय थंडी होते आहे" हे वाक्य मराठी समजलं जातं. भाषेचं मी सोडून दिलं, पण सणवार तरी नीट व्हायला हवेत असं मला मनापासून वाटे. नीट म्हणजे अर्थातच आमच्या सांगलीला होतात तसे.

पहिल्या दसऱ्याला सकाळी मी रांगोळीचा डबा घेऊन बाहेर आले, तर बाबांनी पोर्चभर वर्तमानपत्रं पसरली होती. गाडीचं मागचं चाक काढून त्यावर ठेवलं होतं. कोपरापर्यंत काळे हात, पेट्रोलचा वास, आणि चेहऱ्यावर सणाचा आनंद. गिरणीत दसऱ्याला सगळी यंत्रं थांबवून, उघडून, पुसून, तेल-ग्रीस घालून बंद करायची आणि मग त्यावर एक फूल ठेवायचं, अशी पद्धत होती म्हणे. "हीच पूजा," बाबा म्हणाले. दुपारी माझे कॉलेजातले लोक सोनं द्यायला येणार होते. त्यांना मी हे काय दाखवणार होते?

पुढच्या वर्षीपासून गाडीच्या पूजेची सूत्रं मी हातात घेतली. सकाळी पाइप लावून गाडी लख्ख धुवायची. हळदीकुंकवाची बोटं, झेंडूचा हार, आणि नारळ. पुढच्या चाकासमोर रांगोळी असे, म्हणून नारळ मी मागच्या चाकापाशी वाढवायची आणि ते पाणी भक्तिभावाने चाकाच्या मध्यभागी शिंपडायची. हळदकुंकूही तिथेच लावायची. ड्रमचा तो गोल भाग मला कपाळासारखा वाटे. दोन-तीनदा बाबा म्हणाले, "एक बार खोलून ग्रीस केलं पाहिजे." मी म्हणायची, "सणाच्या दिवशी नको, बाबा. नंतर बघू." नंतर म्हणजे कधी, हे दोघांनीही विचारलं नाही. अशी आमच्याकडे पाच-सहा वर्षं अत्यंत शास्त्रशुद्ध पूजा झाली.

मग, तीन वर्षांपूर्वी, बाबांनी गल्लीच्या वळणावर एका उभ्या लोडिंग रिक्षाला मागून धडक दिली. रिक्षात कापसाच्या गाद्या भरलेल्या होत्या. बाबा गाडीवरून उडून थेट गाद्यांवर पडले. मनगट मुरगळलं, बाकी खरचटलंसुद्धा नाही. लोक धावत आले तेव्हा ते गाद्यांवर पाय पसरून बसलेले होते, आणि त्यांनी उठण्याआधी पहिलं वाक्य उच्चारलं ते हे: "ब्रेक मारला होता मी."

घरी आल्यावरही तेच. "ब्रेक मारला मी. हाताचा ब्रेक तर नावालाच, आणि पेडल पत्थर झालं होतं, दबलंच नाही. मग पूरी ताकत लावली तेव्हा गेलं खाली, पर तोवर गाडी पोचली होती." नवऱ्याने मान हलवली. नवऱ्याचं धोरण वडील आणि बायको यांच्यामधल्या कुठल्याही प्रश्नावर मान हलवण्याचं आहे. ती नेमकी कुठल्या दिशेला हलते हे आजवर कुणाला कळलेलं नाही. समोरच्या घरातले बँकेतून निवृत्त झालेले काका म्हणाले, "अहो, या वयात होतं असं." कोपऱ्यावरचा किराणावाला म्हणाला, "भिया, अब बाबूजी को गाडी मत दो."

आणि मी? मी कागद घेतला. वय वाढतं तसा धोका दिसल्यापासून पाय पेडलपर्यंत पोचायला लागणारा वेळ वाढतो, हे मी दरवर्षी शिकवते. आडव्या अक्षावर वय, उभ्या अक्षावर वेळ. एक सुंदर चढती रेषा काढली. त्यावर बाबांच्या वयाला ठिपका दिला आणि त्या वेळात गाडी किती पुढे जाईल तेही काढून दाखवलं. "तुम्हाला वाटतं तुम्ही वेळेवर ब्रेक मारला," मी अगदी मऊ आवाजात म्हणाले, "पण खरं तर तुमचा पाय पोचायच्या आतच धडक झालेली असते. मेंदू मागाहून तसं समजतो." बाबांनी कागद हातात धरून बराच वेळ पाहिला. "सही आहे," ते शेवटी म्हणाले. "गणित सही आहे." मी किल्ली माझ्या कपाटात ठेवली. त्यांनी ती परत मागितली नाही, हा मी माझ्या समजावून सांगण्याच्या कौशल्याचा विजय मानला.

गाडी त्या दिवशी टेम्पोत घालून घरी आणली होती, कारण मागचं चाक फिरतच नव्हतं. धडकेत काहीतरी वाकलं असणार, असं मी म्हटलं. धडक पुढच्या चाकाला बसली होती आणि अडकलं होतं मागचं, यात विसंगती आहे हे मला, म्हणजे यंत्रांची शिक्षिका म्हणून पगार घेणाऱ्या बाईला, सुचलं नाही. चौघांनी उचलून गाडी पोर्चमध्ये तिच्या जागी ठेवली. पुढचे तीन दसरे मी तिला नारळ फोडतच राहिले.

यंदा मानपूरच्या बाजूचा एक रिसॉर्टवाला गाडी विकत घ्यायची म्हणून बघायला आला. त्याला ती स्वागतकक्षासमोर ठेवायची होती, म्हणजे पाहुण्यांना फोटो काढता येतील. मी बाबांना विचारलं. "तुमची मर्जी," ते म्हणाले आणि पेपर वाचत राहिले. उचलून न्यायला माणसं आली, पण रिसॉर्टवाल्याला चाकं फिरणारी गाडी हवी होती, इकडून तिकडे हलवता येईल अशी. "मॅडम, पहिया तो घूमना चाहिए," तो म्हणाला आणि रविवारी परत येतो असं सांगून गेला.

म्हणून मग मी मिस्तरी बोलावला. राऊच्या पुढे महू रोडवर त्याचं दुकान आहे. वय पन्नाशीचं. घराणं महूचं, मराठी, आजोबा फौजेत होते. फौजेच्या जुन्या मोटारसायकलींवर तीन पिढ्यांचा हात बसलेला. तो आला, गाडीभोवती एक फेरी मारली, आणि पहिला प्रश्न विचारला तो मला नव्हे, गाडीला. "का गं, काय झालं तुला?"

मी माझं मत सांगितलं. धडकेने चाक वाकलं असावं, किंवा गिअर बॉक्समध्ये काही अडकलं असावं. "हो का," तो म्हणाला. गाडी मधल्या स्टँडवर घेतली, साखळी उतरवून बाजूला टांगली आणि दोन्ही हातांनी चाक फिरवून पाहिलं. चाक जागचं हललं नाही. "गिअर बॉक्स नाही, मॅडमजी. साखळी तर सुटली, तरी पण हा अडकलेला." मग त्याने चाकाच्या कडेला डोळा लावून आरपार पाहिलं. "वाकलं पण नाही. एकदम सीधा आहे." दहा मिनिटांत माझे दोन्ही सिद्धांत निकालात निघाले.

मग तो खाली उकिडवा बसला. ब्रेकच्या पेडलपासून एक लांब सळई मागे चाकापर्यंत जाते आणि तिथे एका बोटभर लोखंडी दांडीला जोडलेली असते. पेडल दाबलं की सळई ती दांडी ओढते, दांडी आतला छोटा लोखंडी कॅम फिरवते, आणि कॅम ब्रेकचे दोन अर्धगोल शू फाकवून ड्रमच्या आतल्या बाजूला दाबतो. पेडल सोडलं की सगळं उलट. ही आकृती मी झोपेतही काढू शकते. मिस्तरीने सळईचा नट सोडला. पेडल लगेच मोकळं होऊन खाली-वर हलू लागलं. दांडी मात्र जिथे होती तिथेच राहिली, पुढे ओढलेली.

त्याने ती हाताने मागे ढकलून पाहिली, पाइप घालून ढकलून पाहिली. मग मागे वळून म्हणाला, "मॅडमजी, हा ब्रेक खराब नाही. हा ब्रेक लागलेला आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे कोणीतरी मारलेला आहे. कॅम आतून जंग खाऊन जाम होता, म्हणून पहिल्यांदी दबला नसेल. मग पूरी ताकत लावून दाबलाय, तेव्हा फिरला, आणि तिथेच फसला. वापस आलाच नाही. तेव्हापासून तसाच लागून आहे. कोण चालवत होतं?"

मी आत पाहिलं. जाळीच्या दारामागे बाबांची खुर्ची होती आणि पेपर खाली गेला होता.

मिस्तरीने चाक काढलं, फटीतून डिझेल सोडलं, लाकडाचा ठोकळा धरून हळूहळू ठोकत आतली प्लेट बाहेर काढली. शू दोन्ही बाजूंना फाकलेले, त्यांच्यामध्ये कॅम आडवा होऊन रुतलेला. त्याने स्क्रूड्रायव्हरने कॅमच्या बुडाशी साचलेला थर खरवडला आणि बोटावर घेऊन माझ्यासमोर धरला. लालसर तपकिरी, मध्येच पिवळा. "जंग मी लई बघितला. पण ही हळद आहे का? और ये गोडसर चिपकू काय आहे?"

"नारळाचं पाणी असेल," मी हळू आवाजात म्हणाले. "दसऱ्याचं."

तो हसला नाही, हे त्याचे उपकार. "आमच्या घरी दसऱ्याला धम्मचक्र दिन असतो, मॅडमजी. नारळाचा प्रश्नच नाही. गाडीला फक्त ग्रीस." मग मात्र थोडा हसला. "तुमच्या गाडीवर श्रद्धा जास्तच झाली."

मला तोंड लपवावंसं वाटलं. विनोद म्हणून सांगता येईल अशी ही गोष्ट आहे आणि पुढे मी ती तशी सांगितलीही आहे, पण त्या क्षणी तिच्यात विनोद दिसला नव्हता. एका फिटरच्या हातून त्याचा दसरा काढून घेऊन मी त्याच्या ब्रेकमध्ये नारळाचं पाणी ओतलं होतं, आणि तो धडकला तेव्हा त्याला ग्राफ काढून दाखवला होता.

बाबा बाहेर आले. वाकून दांडी पाहिली, शू पाहिले, कॅमवर अंगठा फिरवला. अंगठ्याला लाल लागलं, ते त्यांनी लेंग्याला पुसलं. "दुरुस्त करू का लगेच?" मिस्तरीने विचारलं.

"आज नाही," बाबा म्हणाले. "असंच खुल्लं राहू दे. उद्या ये."

मिस्तरी गेला. बाबांनी वर्तमानपत्रं पसरली, त्यावर ड्रम आणि शूसकट प्लेट मांडली, शेजारी खुर्ची टाकली आणि बसले. मग हाका सुरू झाल्या. पहिल्यांदा समोरचे बँकवाले काका. ते आले, वाकले, काही कळलं नाही. बाबा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ही प्रोफेसर आहे. ही सांगेल."

मी सांगितलं. कॅम गंजामुळे अडकला होता, चालकाने पूर्ण ताकदीने पेडल दाबल्यावर तो फिरला आणि त्याच स्थितीत राहिला. "म्हणजे?" काकांनी विचारलं. "म्हणजे बाबांनी ब्रेक मारला होता," मी म्हणाले. काका "असं होय" म्हणून गेले. मग किराणावाला. मग वरच्या मजल्यावरचे भाडेकरू नवरा-बायको, जे धडकेच्या वेळी इंदूरमध्ये राहतही नव्हते. मग पोस्टमन, ज्याला फक्त सही हवी होती. प्रत्येकाला बाबा म्हणत, "ही सांगेल," आणि मी सांगे. संध्याकाळी नवरा आला, त्याला बूटही काढू न देता पोर्चमध्ये उभं केलं. त्याने सगळं ऐकून मान हलवली. या वेळी ती कुठल्या दिशेला हलली ते सगळ्यांना दिसलं.

आयुष्यात मी इतकं सोपं व्याख्यान कधी दिलं नव्हतं, आणि इतकं अवघडही. दर वेळी "गंजामुळे" म्हणत होते. गंज कशामुळे, हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. बाबा खुर्चीत बसून ऐकत होते. दर वेळी अगदी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्तरी आला आणि काम तासा-दीड तासात झालं. रात्री बाबांनी डिझेलमध्ये भिजत ठेवलेला कॅम ठोकून बाहेर निघाला. बाबांनी तो माझ्या हातात दिला, पॉलिश पेपरचा तुकडा दिला आणि म्हणाले, "चमकेपर्यंत." मी चमकेपर्यंत घासला. जुने शू कडक झाले होते, मिस्तरीने नवे आणले होते. ग्रीस किती लावायचं हे बाबांनी दाखवलं, बोटाच्या पेरावर घेऊन. जास्त लावलं तर ते शूवर उतरतं आणि ब्रेक घसरतो. हे आमच्या पुस्तकात कुठेही नाही. चाक बसलं, सळई जोडली, मिस्तरीने हाताने चाकाला जोर दिला. ते गरगरत राहिलं. बाबांनी पाय पेडलवर ठेवून दाबला. चाक जागच्या जागी थांबलं.

मिस्तरी हात धुवायला मागे गेला. मी म्हणाले, "बाबा, मी त्या रिसॉर्टवाल्याला फोन करते. गाडी द्यायची नाही म्हणून सांगते. किल्ली आणून देते तुम्हाला."

"कशाला? येऊ दे त्याला रविवारी." त्यांनी गुडघ्यावर हात मारला. "किक कोण मारणार आता? तीन साल आधीची गोष्ट वेगळी होती. गाडी नको मला. गाडी लोखंड आहे."

मला वाटलं होतं, किल्ली परत दिली की हिशेब मिटेल. तो मार्गही बंद झाला. मी हातातल्या फडक्याची घडी करत राहिले.

"मला सांग आता," बाबा म्हणाले.

"काय?"

"कल सबको सांगत होतीस ते."

"बाबा, तुम्हाला काय सांगायचं? तुम्हाला तर माहीतच होतं की तुम्ही..."

"नव्हतं ना माहीत." ते चाकाकडे बघत बोलत होते. "पहिले दोन-चार महिने पक्कं आठवत होतं. पायाला पेडल कडक लागलेलं आठवत होतं. पर तुझं गणित एकदम सही होतं, बेटा. हळूहळू वाटायला लागलं, मी बुढ्ढा झालोय, पाय उचललाच नसेल मी, आणि सगळ्यांना झूठ सांगत फिरतोय. जिन्यावरून उतरतानासुद्धा पायाकडे बघून उतरायला लागलो. म्हटलं, या पायाचा भरोसा नाही."

ते जिना उतरताना खाली बघतात हे मी पाहिलं होतं. ते वयाचं लक्षण आहे, असं मी नवऱ्याला सांगितलंही होतं.

"तुम्ही ब्रेक मारला होता, बाबा," मी म्हणाले. "वेळेवर मारला होता. पूर्ण ताकदीने. अडवला तो मी. दरवर्षी नारळाचं पाणी ओतून मी अडवला."

बाबांनी पुन्हा पेडलवर पाय ठेवला. चाक केव्हाच थांबलेलं होतं, तरी पेडल शेवटपर्यंत दाबलं आणि पाय बराच वेळ तसाच ठेवला.